लेन्स डिझाइन आणि मशीन लर्निंग : सुरुवातीची रचना आणायची कुठून?

वक्ररेषा

फोनचा कॅमेरा आणि मशीन लर्निंग हे शब्द एकत्र आले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फोटो काढून झाल्यावरची सफाई येते. मला त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल लिहायचं आहे. लेन्समध्ये किती भिंगं घ्यायची, कुठल्या काचेची, वक्रता किती, दोन भिंगांत अंतर किती, हे ठरवायलाच आता न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम) वापरू लागले आहेत. लेन्स डिझाइन हे माझं रोजचं काम. या विषयावर मराठीत सलग काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

मूळ अडचण अशी की एकट्या भिंगाने कधीच चोख प्रतिमा पडत नाही. कडेने आलेले किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात, निळा प्रकाश तांबड्याच्या आधी एकत्र येतो, आणि सेन्सर सपाट असला तरी प्रतिमा सपाट पडत नाही. जर्मन गणितज्ञ झायडलने १८५०च्या दशकात अशा पाच विपथनांचं, म्हणजे प्रतिमेतल्या चुकांचं, गणित मांडलं, रंगांची विपथनं त्याखेरीज. एका भिंगाची चूक दुसऱ्याच्या उलट्या चुकीने खोडायची, हाच सगळा खेळ. एक दाबली की दुसरी वर येते.

हे गणित माणसांनी हाताने केलेलं आहे. १८४०मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झवालने पोर्ट्रेट लेन्स काढली तेव्हा आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्यातले गणित येणारे सैनिक दिले होते. जपानमध्ये फुजी फोटो फिल्ममधल्या बुंजी ओकाझाकींनी १९५६मध्ये सुमारे १,७०० व्हॅक्यूम ट्यूबांचा 'फुजिक' बांधला, तो लेन्सच्या आकडेमोडीसाठीच. जपानचा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक भिंगांच्या गरजेतून जन्मला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

संगणक आल्यावर एक पद्धत रुळली. हातात एखादी रचना असेल, तर प्रत्येक वक्रता आणि अंतर थोडं थोडं बदलून चूक कमी करत जायचं. 'डॅम्प्ड लीस्ट स्क्वेअर्स' नावाने ती आजही लेन्स डिझाइनच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण धुक्यात सह्याद्री उतरणाऱ्या माणसासारखं तिचं होतं. पायाखालचा उतार कळतो, त्यामुळे जवळच्या दरीत ती पोचवते. शेजारच्या घळीतून गेलं असतं तर याहून खाली जाता आलं असतं, हे तिला कळायला मार्ग नाही. त्यामुळे शेवटचं डिझाइन कसं निघेल ते सुरुवात कुठून केली यावर ठरतं. अनुभवी डिझायनर ती सुरुवात जुन्या पेटंटांतून किंवा आपल्या संग्रहातून उचलतो. मशीन लर्निंगचा खरा उपयोग मला इथे दिसतो. बाकी दावे बरेच होतात, त्यांच्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

फोटोवाला_सांगली

छान सुरुवात. एक बाळबोध प्रश्न. आजचे संगणक एवढे वेगवान आहेत, तर सगळ्या शक्यता तपासून सर्वांत चांगली का निवडत नाहीत? माझ्या ५० मिमीच्या लेन्समध्ये सहा तर भिंगं आहेत.

वक्ररेषा

प्रश्न बाळबोध नाही, याच्यावर अख्ख्या परिषदा झाल्या आहेत. तुमची ५० मिमी बहुधा डबल गाउस घराण्यातली असेल. सहा भिंगं, त्यांतल्या दोन जोड्या चिकटवलेल्या, म्हणजे दहा पृष्ठं. दहा वक्रता, साधारण तितक्याच जाड्या आणि अंतरं, शिवाय सहा काचांचे प्रत्येकी दोन गुणधर्म : अपवर्तनांक आणि रंग फाकवण्याचं प्रमाण सांगणारा आबे अंक. एकूण तीसच्या वर गेलो.

त्यातले २०च धरा आणि प्रत्येकाच्या १० किमती तपासा. १ वर २० शून्यं एवढ्या रचना झाल्या. सेकंदाला दहा लाख तपासल्या तरी ३० लाख वर्षांहून जास्त वेळ लागेल. आणि १० किमती म्हणजे काहीच नाही, वक्रता तिसऱ्या-चौथ्या दशांशापर्यंत लागते.

फोटोवाला_सांगली

बाप रे. कळलं.

पायथनपंत

मी मशीन लर्निंगमध्ये काम करतो, प्रकाशशास्त्र बारावीपर्यंतचं. माझी शंका डेटाची आहे. नेटवर्क शिकवायच्या इमेजनेट या फोटोसंग्रहात १ कोटी ४० लाखांच्या आसपास फोटो आहेत. लेन्सच्या रचना उघड्यावर किती असतील? कंपन्या चांगली डिझाइन कशाला वाटत बसतील? एवढ्याशा डेटावर नेटवर्क पाठांतर करेल, शिकणार नाही.

वक्ररेषा

पायथनपंत, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. पेटंटं आणि पुस्तकं मिळून रचना हजारांत मोजाव्या लागतात, आणि तुम्हाला हव्या त्या प्रकारच्या बघायला गेलं तर मूठभर.

क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात कोते, लालोंद आणि थिबो यांनी २०१९मध्ये यावर जो उपाय केला तो मला फार सुंदर वाटतो. लेन्स चांगली की वाईट हे सांगायला माणसाने लावलेली लेबलं लागतच नाहीत. प्रकाश काचेत शिरताना किती वळतो ते सांगणारा स्नेलचा नियम आहे. नेटवर्कने सुचवलेल्या वक्रता आणि अंतरं घ्या, त्यांतून किरण पाठवा, ते सेन्सरवर किती पसरले ते मोजा. तो पसारा हाच लॉस, म्हणजे नेटवर्कने कमी करायची चूक. किरण पाठवण्याचं गणित डिफरन्शिएबल (अवकलन काढता येईल असं) लिहिलं, की ग्रेडियंट, म्हणजे त्या चुकीचा उतार, सेन्सरपासून उलटा प्रवास करत काचांतून नेटवर्कच्या वेट्सपर्यंत (शिकताना बदलणाऱ्या आतल्या आकड्यांपर्यंत) पोचतो. म्हणजे थोड्या ज्ञात रचना दाखवून नेटवर्कला वळण लावायचं, आणि ज्या मागण्यांसाठी एकही नमुना नाही तिथे भौतिकशास्त्रालाच परीक्षक नेमायचं. सुरुवातीचं काम दोन भिंगांच्या रचनांवर होतं. २०२१मध्ये त्यांनी काच आणि हवा यांचा क्रम सांगितला की रचना देणारी चौकट मांडली : नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) तुलनेत छिद्र किती, दृष्टिक्षेत्र किती, काच-हवा-काच-काच-हवा असा क्रम काय, एवढं द्यायचं आणि आरंभीची रचना घ्यायची.

पायथनपंत

हे वाचून उत्साह आला. मग यात अवघड काय राहिलं? पायटॉर्चमध्ये (नेटवर्क लिहायच्या साधनात) रे-ट्रेसर, म्हणजे किरण पाठवणारा प्रोग्रॅम, लिहायला चार-पाचशे ओळी पुरतील.

वक्ररेषा

लिहून बघाच. पहिल्याच फेरीत लॉसऐवजी अर्थहीन आकडा हातात येईल. का ते सांगते, कारण या विषयाची खरी गोम तिथे आहे.

किरण एका गोलाकार पृष्ठावर कुठे टेकतो हे काढायला वर्गसमीकरण सोडवावं लागतं. त्यात वर्गमूळ येतं. आतली संख्या ऋण आली तर अर्थ असा, की किरण पृष्ठाला लागलाच नाही, बाजूने निघून गेला. लागला, तर स्नेलचा नियम लावायचा. त्यात दुसरं वर्गमूळ. तिथे ऋण आलं तर किरण काचेतून बाहेरच पडत नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होतं. पहिलं दार दर पृष्ठाला आहे, दुसरं किरण जास्त अपवर्तनांकाकडून कमीकडे जातो तिथे. दहा पृष्ठांच्या लेन्समध्ये एक जरी बंद झालं तरी तो किरण मेला, आणि त्याच्यासोबत त्याचा ग्रेडियंट. शिवाय वर्गमूळातली संख्या शून्याच्या जवळ आली की ग्रेडियंट बेफाम वाढतो.

सौदी अरेबियातल्या कौस्ट विद्यापीठात यांग, फू आणि हाइडरिख यांनी २०२४मध्ये यावर जी युक्ती प्रसिद्ध केली ती शिकवण्याच्या क्रमाची आहे. लेन्सचं छिद्र आधी बारीक ठेवायचं आणि दृष्टिक्षेत्र अरुंद. अशा किरणांना अडचण कमी येते. तेवढं जमलं की छिद्र थोडं मोठं, क्षेत्र थोडं रुंद. असं करत करत कुठलंही जुनं डिझाइन हातात न घेता बहुभिंगी रचना उभी राहते. त्यांचं 'डीपलेन्स' खुलं आहे, स्वतःचा रे-ट्रेसर लिहिण्याआधी ते जरूर वाचा.

जुनाजाणता

थोडं विरोधात बोलतो. १९९०च्या आंतरराष्ट्रीय लेन्स डिझाइन परिषदेत एक कोडं घातलं होतं. चार भिंगं, सगळी बीके७ काचेची, सगळी पृष्ठं गोलीय, १०० मिमी नाभीय अंतर, एफ/३ (म्हणजे छिद्र नाभीय अंतराच्या एक तृतीयांश), ३० अंशांचं क्षेत्र, प्रकाश एकाच रंगाचा. सर्वोत्तम रचना शोधा. ग्लोबल ऑप्टिमायझेशनची, म्हणजे सर्वांत खालची दरी शोधायच्या पद्धतींची, चर्चा त्यातून जोरात सुरू झाली. कोड व्ही आणि झीमॅक्स या लेन्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लोबल सर्च कधीपासून आहे. रात्री लावून ठेवावा, सकाळी दहा-वीस चांगल्या रचना तयार. याहून वेगळं नेटवर्क काय देतं? नव्या नावाखाली जुनंच काम खपवलं जातंय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वक्ररेषा

जुनाजाणता, तुमची हरकत मी हलक्यात घेत नाही. एकच लेन्स करायची असेल तर ग्लोबल सर्च पुरतो, आणि मीही तोच लावते. फरक पडतो तो मागणी बदलते तेव्हा. ग्राहक म्हणतो, एफ/२.८ ऐवजी एफ/२.४ चालेल का, लांबी ४ मिमीने कमी होईल का. दर वेळी सर्च पहिल्यापासून, काल रात्री जे कळलं ते आज रात्री उपयोगाला येत नाही. शिकलेलं नेटवर्क अशा बदलांना क्षणात उत्तर देतं, कारण मागणी आणि रचना यांचं नातंच त्याने शिकलेलं असतं. निविदा भरताना, अजून काहीच ठरलेलं नसताना, पंधरा पर्याय टेबलावर मांडता येणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र त्यातला निवडलेला पर्याय पुढे जुन्याच पद्धतीने घोटून घ्यावा लागतो, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

जुनाजाणता

निविदेचा मुद्दा पटला. 'डिझायनरची गरज संपली' असं तुम्ही म्हणत नाही ना, मग आपला वाद नाही.

पिच_पॉलिश

भोसरीत ऑप्टिक्सचं वर्कशॉप चालवतो. घासणं, पॉलिश, सेंटरिंग (भिंगाची कड अक्षाशी जुळवून घासणं) सगळं आमच्याकडे होतं. वरची चर्चा वाचली, आवडली. पण सगळे संगणकातल्या लेन्सबद्दल बोलताहेत, आम्ही हातातल्या लेन्सबद्दल बोलतो.

मध्यंतरी एका ग्राहकाकडून ड्रॉइंग आलं. कागदावर कामगिरी अप्रतिम. त्यातल्या एका बहिर्वक्र भिंगाची कडेची जाडी ०.३ मिमी. सेंटरिंगला लावलं की कडेचे टवके उडणार, हे शिकाऊ पोरगासुद्धा सांगेल. प्रोग्रॅमला मधल्या जाडीची मर्यादा घातली होती, कडेची घालायची राहिली होती. त्याच संचातल्या दुसऱ्या एका पृष्ठावर किरण इतके तिरपे पडत होते, की भिंग एक-दोन आर्कमिनिटं (अंशाचे साठावे भाग) कललं तरी प्रतिमा बिघडली असती.

दुसरं, टेस्ट प्लेट. पृष्ठाची वक्रता बरोबर आली का, हे आम्ही त्याच त्रिज्येच्या प्रमाण काचेवर भिंग ठेवून, रंगीत कडी मोजून बघतो. प्रत्येक वर्कशॉपकडे त्रिज्यांची ठरावीक यादी असते. तुमचं नेटवर्क ४४.७७८ सांगेल आणि माझ्याकडे ४४.६ असेल. नवी प्लेट बनवायची तर पैसा आणि वेळ दोन्ही. जाणता डिझायनर आधी आमची यादी मागवतो.

तिसरं, काच. कॅटलॉगमध्ये प्रत्येक काचेपुढे हवामान, आम्ल, अल्कली यांना ती किती टिकते याचे आकडे असतात. काही काचा दमट हवेत पॉलिशनंतर लगेच कोटिंगला गेल्या नाहीत तर डाग धरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय हवा असते ते सांगायला नको. नेटवर्कला हे कोण शिकवणार?

वक्ररेषा

काका, हा प्रतिसाद धाग्याच्या मूळ लेखात हवा होता. तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट लॉसमध्ये घालता येते, पण कोणीतरी ती घालायला हवी, आणि त्यासाठी ती माहीत हवी. कडेच्या जाडीला दंड लावणं सोपं आहे. किरण पृष्ठावर किती तिरपा पडतो, तो कोन दर पृष्ठाला मिळतोच, त्याची बेरीज लॉसमध्ये टाकली की रचना आपसूक सैल होते आणि जुळणीतली चूक सहन करते. त्याहून सरस म्हणजे ट्रेनिंगमध्येच भिंगं मुद्दाम थोडी कलवायची, सरकवायची, जाडी कमी-जास्त करायची आणि अशा बिघडलेल्या लेन्सची सरासरी कामगिरी सुधारायची. वेळ जास्त लागतो, पण हातात पडणारी लेन्स तीच असते.

काचेचं दुखणं वेगळं आहे. ग्रेडियंटला सलग आकडे लागतात, आणि काचा तर कॅटलॉगमध्ये सुट्या सुट्या. नेटवर्क १.६३ अपवर्तनांकाची अशी काच मागेल जी कोणी बनवतच नाही. जवळच्या खऱ्या काचेवर उडी मारली की सगळं विपथन पुन्हा वर येतं. कोते यांनी प्रिन्स्टनच्या फेलिक्स हाइडे यांच्यासोबत २०२३मध्ये केलेल्या कामात ट्रेनिंग चालू असतानाच काच कॅटलॉगमधल्या खऱ्या काचेशी बांधून ठेवली आहे. त्या यादीत डाग धरणाऱ्या काचा घातल्याच नाहीत, तर पावसाळ्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

आकाशमित्र

आम्ही हौशी मंडळी पुण्यात आरसे घासून दुर्बिणी बनवतो. आरशांच्या रचनांवर असं काही झालंय का?

वक्ररेषा

झालंय. बीजिंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २०१९मध्ये तीन तिरक्या आरशांच्या मुक्ताकार (गोलीय नसलेल्या, हव्या त्या आकाराच्या) पृष्ठांच्या रचनांसाठी नेटवर्कने आरंभबिंदू काढून दाखवले. आरसे अक्षापासून बाजूला असल्याने एकाने दुसऱ्याचा प्रकाश अडवायचा नाही, हे बंधन सांभाळत सुरुवातीची रचना शोधणं हाताने फार किचकट असतं, म्हणून नेटवर्कचा तिथे विशेष फायदा. घरी घासायच्या न्यूटनी दुर्बिणीला मात्र याची काही गरज नाही. एक पॅराबोला, एक सपाट आरसा, गणित केव्हाच सुटलेलं आहे.

डॉ_दृष्टी

मी नेत्रतज्ज्ञ आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढायचे कॅमेरे आता हातात मावण्याएवढे झाले आहेत आणि गावोगावच्या शिबिरांत जातात. फोटोवरून मधुमेहाची रेटिनोपॅथी (त्या पडद्याला होणारी इजा) ओळखणारे प्रोग्रॅमही आले. मग लेन्स आणि ओळखणारं नेटवर्क एकत्रच का डिझाइन करू नये? लेन्स स्वस्त आणि साधी होईल, उरलेलं काम नेटवर्क करेल.

वक्ररेषा

डॉक्टर, या दिशेने बरंच काम चालू आहे. स्टॅनफर्डच्या गटाने २०१८मध्ये लेन्सचं पृष्ठ आणि प्रतिमा सुधारणारा प्रोग्रॅम एकत्र घडवून दाखवला. प्रिन्स्टन आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२१मध्ये मिठाच्या खड्याएवढा, अर्ध्या मिलिमीटरचा कॅमेरा केला. त्यात भिंगाच्या जागी सुमारे १६ लाख सूक्ष्म खांबांचं पृष्ठ आहे आणि प्रतिमा नेटवर्क जुळवतं. वर सांगितलेल्या २०२३च्या कामात तर लेन्स घडवली ती रस्त्यावरच्या वस्तू ओळखण्यासाठी. नेहमीच्या मोजमापाने तिची प्रतिमा कमी प्रतीची होती, तरी वस्तू जास्त चांगल्या ओळखल्या गेल्या.

माझी भूमिका इथे ठाम आहे. गाडीच्या कॅमेऱ्याला हे चालेल, कारण ते फोटो माणूस बघत नाही. निदानाच्या कॅमेऱ्यात लेन्सनेच तपशील टिकवला पाहिजे. लेन्सने जो तपशील पार पुसला तो नेटवर्क परत आणू शकत नाही, तिथे काय असण्याचा संभव आहे ते भरतं. शिवाय लेन्स एका आजाराच्या ओळखीसाठी घडवली, तर दुसऱ्या आजाराची खूण तिच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची ठरू शकते.

डॉ_दृष्टी

दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा. आम्ही मधुमेहासाठी फोटो काढतो आणि त्यातच काचबिंदूची शंका येते, असं नेहमी होतं. तरीही किंमत निम्म्यावर आली तर जास्त लोकांपर्यंत पोचता येईल, तो मोह सोडवत नाही. मधला मार्ग निघेल का?

वक्ररेषा

निघू शकतो. लॉसमध्ये ओळखीसोबत कच्च्या प्रतिमेच्या कॉन्ट्रास्टची किमान अट घालायची. म्हणजे नेटवर्क बंद केलं तरी डॉक्टरला फोटो वाचता आला पाहिजे. लेन्स थोडी महाग पडेल. मी तरी या अटीशिवाय असं काम हातात घेणार नाही.

मृणाल_तिसरंवर्ष

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वक्ररेषाताई, प्रोजेक्टसाठी यातलं काय घेऊ? डबल गाउस झेपणार नाही असं वाटतं.

वक्ररेषा

मृणाल, दोन चिकटवलेल्या भिंगांपासून सुरू कर. बीके७ आणि एफ२ या काचा, नाभीय अंतर १०० मिमी. उत्तर आधी कागदावर काढ. आबे अंक ६४.१७ आणि ३६.३७. रंग जुळवायच्या अटीवरून पहिल्या भिंगाचं नाभीय अंतर ४३.३ मिमी येतं, दुसऱ्याचं उणे ७६.४. पहिलं भिंग दोन्हीकडून सारखं बहिर्वक्र ठेवलंस तर त्रिज्या ४४.८, आणि शेवटचं पृष्ठ ८०० मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सपाट. मग नेटवर्कला फक्त नाभीय अंतर आणि छिद्र देऊन, किरणांच्या पसाऱ्यावर शिकव, आणि ते याच्या जवळपास पोचतं का बघ. लॉसमध्ये तीन रंगांचे किरण घे. एकच रंग घेतलास तर रंग जुळवायची त्याला गरजच वाटणार नाही.

पिच_पॉलिश

पोरी, शेवटचं पृष्ठ सपाटच करून टाक. सपाटाची टेस्ट प्लेट प्रत्येकाकडे असते. डिझाइन झालं की त्रिज्या इथे टाक, माझ्या यादीशी ताडून सांगतो.

वक्ररेषा

काकांचं ऐक. शेवटचं पृष्ठ सपाट धरलं तर पातळ भिंगाच्या हिशेबाने पहिल्या दोन त्रिज्या साधारण ४२.४ आणि उणे ४७.४ होतात. रंग जुळलेलेच राहतात, पण भिंग वाकवायची जी एक मोकळीक होती ती संपते. त्यामुळे गोलीय विपथन आणि कोमा (अक्षाबाहेरच्या बिंदूला शेपूट फुटणं) किती वाढले ते एफ/५वर मोज, आणि दोन्ही रचनांचे आकडे शेजारी शेजारी इथे टाक. जाड्या घालायला विसरू नकोस, कडेची ०.३ नको.

मृणाल_तिसरंवर्ष

धन्यवाद ताई, काका. रविवारी आकडे टाकते.